प्रतीकं मोबाइलवर शोधू नकोस

रंग, कापड, कापूस असं एकत्र चिकटवून आजीचं चित्र करायचंय आणि त्यात अर्थ दडवणारी प्रतीकं हवीत, म्हणालीस ना? फुलपाखरू, कमळ, पिंजऱ्यातला पक्षी... हे सगळ्यांचं वापरून झालंय गं. ज्या आजीचं चित्र काढतेस तिच्याजवळ तासभर बस. हातावरचं गोंदण कधी काढलं, कापूस वेचताना कमरेला कापड कसं बांधते, पेटीच्या तळाशी काय जपून ठेवलंय, ते विचार. मग गोंदणाचे तेच ठिपके पार्श्वभूमीत हलकेच उतरव. ज्याला कळायचं त्याला कळेल.

ऑस्ट्रियाचा चित्रकार क्लिम्ट. त्याने १९०७ मध्ये आडेले ब्लॉख-बाउअर या बाईच्या चित्रात सोनेरी पोशाखावर डोळ्यांसारखे आकार पेरलेत. पहिल्या नजरेला ती नुसती नक्षी वाटते. अर्थ दडवायचा तो असा.

नव्या माणसाच्या नेहमीच्या चुका:

- एकाच चित्रात सगळं कोंबणं. सध्या अॅक्रिलिक (पाण्यात मिसळायचे रंग), जुन्या लुगड्याचा काठ आणि थोडा कापूस, बस्स. (काठ कापण्याआधी विचार हो, नाहीतर घरात महाभारत!)
- पातळ ड्रॉइंग शीट. फेविकॉल लागला की सुरकुतते. ३०० जीएसएमचा (म्हणजे चांगला जाड) कागद किंवा प्लायवुडचा तुकडा घे.
- पळसाची फुलं (पुढे कधी वापरलीस तर) ओलीच चिकटवणं. बुरशी धरते. रद्दीत दाबून पूर्ण वाळव. रंग थोडा काळवंडेल, चालतं.
- तेलरंगावर अॅक्रिलिक. पापुद्रे सुटतात.

आणि चेहरा आधी पेन्सिलने नीट बसव. तो फसला तर वरच्या कापडाने झाकला जात नाही. डोळ्यांजवळ काहीच चिकटवू नकोस.

रेझिन (ओतल्यावर काचेसारखं घट्ट होणारं द्रव्य), वर्ख वगैरे नंतर बघू. आधी एक छोटं चित्र पूर्ण कर आणि उजेडात फोटो काढून पाठव.