ऑपरेशन करूनही नाकातले पॉलिप परत का येतात? बायॉप्सीत 'इओसिनोफिल वाढलेले' असं आलंय.

कारण ऑपरेशनने पॉलिप निघतात, ते वाढवणारी सूज मात्र तशीच राहते. इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी, जंतांशी लढणाऱ्या. पण इंटरल्यूकिन-५ सारख्या रासायनिक संदेशांमुळे त्या सायनसमध्ये (नाकाभोवतीच्या पोकळ्यांत) गर्दी करतात आणि त्यांच्यातली विषारी प्रथिनं तुमचंच अस्तर सोलतात. अस्तर पाणी धरून फुगतं, द्राक्षांसारखं लोंबतं, तेच पॉलिप. वास जातो, फोडणी करपली तरी कळत नाही, हे फार त्रासाचं असतं.

म्हणून मिठाच्या पाण्याने नाक धुणं (पाणी उकळून गार केलेलंच) आणि स्टिरॉइड स्प्रे चालूच ठेवा. बरं वाटलं की लोक बंद करतात आणि तिथेच घोळ होतो. स्प्रे मारताना मान किंचित खाली, नळीचं टोक मधल्या पडद्याकडे नको, त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे हवं. स्टिरॉइडच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने कधीच नकोत.

दमा आहे का? अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेनने धाप लागते का? तसं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, अशांचे पॉलिप जास्त चिवट असतात. एवढं करूनही वाढले तर डुपिलुमॅब या, सूज वाढवणारे संदेश अडवणाऱ्या औषधाचं इंजेक्शन आहे. अमेरिकेत २०१९ पासून पॉलिपसाठी मान्य. महाग आहे, पण विचारून बघा.