रात्री पाय शिवशिवतात, झोप लागत नाही

प्रश्न : माझे वय ५२ असून मी इंदूरला रामबागेत राहते. अंथरुणाला पाठ टेकली की दोन्ही पोटऱ्यांत आतून काहीतरी वळवळते. दुखत नाही, पण पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. उठून घरात फेऱ्या मारल्या की बरे वाटते, आडवे झाले की पुन्हा तेच. पोटरीला ओढणी घट्ट आवळून झोपते. पाळीत अलीकडे रक्तस्राव जास्त होतो, तरी हिमोग्लोबिन १२.२ आले. रात्री जेवणानंतर चहा आणि सर्दीच्या ॲलर्जीची एक गोळी घेते. घरच्यांना हे मनाचे खेळ वाटतात. काही नैसर्गिक उपाय आहे का?

उत्तर : हे मनाचे खेळ नाहीत, हे घरच्यांनाही आवर्जून सांगावे. विश्रांतीच्या वेळी पाय हलवण्याची अनावर इच्छा होणे, हालचालीने ती शमणे आणि संध्याकाळनंतर त्रास वाढणे ही ‘रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम’ या विकाराची लक्षणे असून, स्वीडनचे मेंदूविकारतज्ज्ञ कार्ल-ॲक्सेल एकबोम यांनी १९४५ साली त्याचे सविस्तर वर्णन केले आहे. पेटक्यात स्नायूचा गोळा होऊन कळ येते. आपले तसे नाही.

उपायांआधी आपल्या पत्रातील दोन गोष्टींकडे लक्ष वेधतो. पहिली गोष्ट लोहाची. या विकारात मेंदूला पुरेसे लोह मिळत नाही आणि त्यामुळे डोपामिन या मेंदूतील रसायनाचे कार्य बिघडते, असे मानले जाते. हिमोग्लोबिन ठीक असतानाही शरीरातील लोहाचा साठा रिता असू शकतो आणि आपल्याला होणारा रक्तस्राव पाहता ती शंका मला दाट वाटते. म्हणून फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातून वाहून नेले जाणारे लोह दाखवणारी) या तपासण्या सकाळी उपाशीपोटी करून घ्याव्यात. मात्र ताप किंवा संसर्ग असताना करू नयेत, कारण तेव्हा फेरिटिन खोटे वाढलेले दिसते. प्रयोगशाळेच्या कागदावर फेरिटिन ३० किंवा ४० ‘नॉर्मल’ म्हणून छापलेले असले, तरी या विकारात ते ७५ किंवा त्याहून कमी असल्यास तज्ज्ञ लोह देण्याचा विचार करतात. लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नयेत, कारण जास्तीचे लोह शरीराला सहजी बाहेर टाकता येत नाही. आहारात पालेभाज्या, डाळी, हळीव ठेवावेत. सकाळच्या पोह्यांवर आपण इंदूरकर लिंबू पिळतो ते उत्तमच, कारण क जीवनसत्त्वामुळे लोह चांगले शोषले जाते. पण सोबतचा चहा तेच शोषण रोखतो, म्हणून तो तासभर तरी पुढे ढकलावा.

दुसरी गोष्ट त्या गोळीची. झोप आणणारी ॲलर्जीची औषधे हा त्रास हमखास वाढवू शकतात. उलटीवरील मेटोक्लोप्रामाइड आणि नैराश्यावरील काही औषधेही. ॲलर्जीची गोळी बदलून देता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. नैराश्याची औषधे मात्र कोणीही परस्पर बंद करू नयेत.

रात्रीचा चहा बंद करावा; रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात फिरून आल्यावर घेतला जाणारा कपही त्यात आला. संध्याकाळी अर्धा तास चालावे, पण झोपण्याच्या तोंडावर दमछाक होईल असा व्यायाम टाळावा. झोपण्यापूर्वी भिंतीला हात टेकून एक पाय मागे घ्यावा, टाच जमिनीला टेकवून पोटरीला ताण बसेल असे अर्धा मिनिट थांबावे आणि मग पाय बदलावा. त्यानंतर कोमट पाण्याच्या बादलीत पाय बुडवून बसावे आणि पोटऱ्यांना तिळाचे तेल चोळावे. मधुमेह असेल तर पाणी आधी हाताने पाहावे, कारण पायांना चटका कळेलच असे नाही. काहींना गार पाण्यानेच आराम पडतो, तेव्हा दोन्ही करून पाहावे. बसून राहावे लागले तर विणकाम किंवा शब्दकोडे जवळ ठेवावे. मन गुंतले की त्रास कमी जाणवतो. ओढणी आवळणे मात्र सोडावे, कारण त्याने रक्ताभिसरणाला अडथळा येतो. मॅग्नेशियमच्या गोळ्यांची जाहिरात पुष्कळ होते, पण त्यांचा भक्कम पुरावा नसल्याने त्यांवर पैसे घालवण्याचा सल्ला मी देणार नाही.

रक्तस्रावासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना लवकर भेटावे, आणि साखर व मूत्रपिंडाची तपासणीही त्याच वेळी करून घ्यावी. एकाच पायाला सूज किंवा वेदना असेल, किंवा चालल्यावर दुखून थांबल्यावर बरे वाटत असेल, तर आजार वेगळा असू शकतो आणि घरगुती उपायांत वेळ दवडू नये. लोहाचा साठा भरून निघायला काही महिने लागतात. तरीही झोप मोडत राहिली तर औषधे आहेत; त्यांतील डोपामिनसारखे काम करणारी औषधे दीर्घकाळ घेतल्यास त्रास उलट दिवसा लवकर सुरू होऊ शकतो, आणि तसे जाणवल्यास डोस वाढवून न घेता लगेच डॉक्टरांना सांगावे.