गालिचा धुण्याचं मशीन दुरुस्त करत वापरावं की दर दोन-तीन वर्षांनी नवं घ्यावं? (परभणी, मंगल कार्यालयासाठी)

दुरुस्त करतच वापरा, पण घेतानाच कार्बन ब्रश (मोटारीच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे छोटे कार्बनचे ठोकळे), बेल्ट, होज पाईप सुटे मिळतील असं मशीन घ्या. कार्बन झिजले की मोटार ठिणग्या मारते, ओढ कमी होते. लोक मोटार जळाली समजून मशीन भंगारात घालतात, याचं फार वाईट वाटतं. मोटार रिवाइंडिंगवाला हे कार्बन किरकोळ पैशांत बदलून देतो.

आपल्याकडे मशीनचा खरा जीव घेतं ते बोअरचं क्षाराचं पाणी. फवाऱ्याच्या नोझलच्या भोकात पांढरा थर धरतो, धार वाकडी पडते, पंपावर ताण येतो. नोझल अधूनमधून व्हिनेगरमध्ये भिजवा, टाकीत पाणी ठेवून मशीन उभं करू नका. फिल्टर रोज झटका, काळ्या मातीची धूळ फार बारीक असते.

टाकीच तडकली किंवा सुटे भाग येणंच बंद झालं, तर मात्र नवं घ्या.