पहिला रुमाल सोडण्यापूर्वी

पुण्याच्या पेशवे दप्तरात किंवा तशाच एखाद्या अभिलेखागारात नव्याने रुजू होत असाल, तर आधी मोडी लिपी पक्की करा. पण खरी फसगत अक्षरांत नव्हे, तारखांत होते. जुन्या मराठी कागदांत सुहूर सन ही कालगणना अरबी संख्याशब्दांत लिहिलेली असते: ‘सलास सबैन मया व अलफ’ म्हणजे ३ + ७० + १०० + १०००, सुहूर सन ११७३. हे वर्ष मृगापासून सुरू होते. म्हणून इसवी सन काढताना जून ते डिसेंबरच्या कागदाला ५९९ मिळवायचे आणि जानेवारी ते मेच्या कागदाला ६००. सरसकट ५९९ धरले, की माघातले पत्र वर्षभर आधीचे ठरते आणि सूचीत पिढ्यान्‌पिढ्या तसेच राहते. ‘छ’पुढचा आकडा मुसलमानी महिन्याचा चंद्र, म्हणजे त्या महिन्याचा दिवस असतो, ती हिंदू पंचांगातली तिथी नव्हे.

रुमालातला, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यातला क्रम कितीही विस्कळीत वाटला तरी मोडू नका. बिनतारखेच्या चिठ्ठीला शेजारचे कागद हाच पुष्कळदा एकमेव आधार असतो. क्रमांक पेन्सिलीनेच घाला. हातमोजे नकोत: सुती मोज्यातून कड कळत नाही नि कागद फाटतो. हात धुऊन पूर्ण कोरडे केले की पुरे.

काजळीची शाई पाण्याने पसरते, तेव्हा ओला बोळा कधीच नाही. मऊ ब्रशने धूळ झटका. गोव्यातल्या जुन्या पोर्तुगीज कागदांचे दुखणे वेगळे, तिथली लोहयुक्त शाई कागदच खाते. फाटलेल्याला जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि मैद्याची पातळ खळ. चिकटपट्टी लावलीत तर तिचा गोंद कागदात मुरून पिवळा पडतो, आणि तो काढणे मूळ फाट सांधण्याहून कठीण.