शर्टाला वास नसलेली नोकरी

रेस्टॉरंटच्या शाखांवर बरीच वर्षे काढून बढतीवर मुख्य कार्यालयात आलेली माणसे माझ्याकडे अधूनमधून समुपदेशनासाठी येतात आणि त्यांची तक्रार थोड्याफार फरकाने एकच असते: पगार वाढला, खुर्ची मिळाली, पण काम केल्यासारखे वाटत नाही. ओळख पटू नये एवढे तपशील बदलून त्यांपैकी एका गृहस्थांची हकीकत इथे देते.

वय 36, हॉटेल मॅनेजमेंटचे शिक्षण, 11 वर्षे आउटलेटवर आणि आता मुंबईतील कार्यालयात 23 शाखांच्या अन्नसुरक्षेची जबाबदारी. पहिल्याच भेटीत ते म्हणाले, "मॅडम, पूर्वी घरी गेलो की बायको आधी आंघोळीला पिटाळायची, शर्टाला तळणाचा वास असायचा. आता तोच शर्ट दोन दिवस चालतो. दिवसभर नुसते एक्सेल बघतो." ही रुखरुख घालवण्यासाठी ते रविवारी न सांगता एखाद्या शाखेत जाऊन गर्दीच्या वेळी प्लेटा उचलू लागत आणि तिथल्या मॅनेजरला अर्थातच ती मदत न वाटता पाळत वाटे. रात्री साडेअकराला शाखा बंद करतानाचे, क्लोजिंगचे मेसेज सुरू होत, तेव्हा फोन उशाशीच असे. घरच्यांना नैराश्याची शंका होती; झोप, भूक, मुलीशी खेळणे याबद्दल नीट विचारल्यावर मला तसे दिसले नाही. किचनमध्ये ओटा पुसून शटर ओढले की दिवस संपतो, कार्यालयाच्या कामाला तसे शटर नसते, आणि ते नेमके तेच शोधत होते.

तिसऱ्या भेटीत ते सहज बोलून गेले की, एका शाखेच्या नोंदवहीत फ्रायरच्या तेलाचे रीडिंग सलग सहा दिवस 18 टक्केच लिहिलेले त्यांना खटकले होते. हे रीडिंग पोलर संयुगांचे, म्हणजे तापवून तापवून तेल बिघडताना त्यात तयार होणाऱ्या घटकांचे असते; तेल वापरत गेले की ती वाढतच जातात आणि 1 जुलै 2018 पासून 25 टक्क्यांपुढचे तेल वापरण्यास कायद्याने मनाई आहे. त्यांनी दुसऱ्या शाखेचा मीटर पाठवून तपासले, तर 27 निघाले. पहिला मीटर बंदच होता आणि मुले जुना आकडा उतरवत होती. "त्या आठवड्यात तिथे किती जण जेवले असते?" असे मी विचारले, तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले.

त्यानंतर आम्ही दोनच गोष्टी ठरवल्या. आग, इजा किंवा विषबाधेची तक्रार असेल तरच रात्री फोन, बाकी सारे सकाळी दहाला. आणि कार्यालयातून निघताना, आज आपल्यामुळे कोणत्या शाखेत काय बदलले, याची वहीत एक ओळ. पहिले दोन आठवडे वही जवळजवळ कोरी राहिली आणि ते माझ्यावर चिडलेही, जे मला अपेक्षितच होते. नंतरच्या नोंदींपैकी एक अशी होती: 'ठाणे, फ्रिज 9 अंशांवर, कंप्रेसर बदलला, पनीर टाकून दिले.'

रविवारी ते अजूनही शाखेत जातात, पण पत्नी आणि मुलीला घेऊन, गिऱ्हाईक म्हणून. बिलावरचा अन्नसुरक्षा परवान्याचा 14 आकडी क्रमांक वाचल्याशिवाय मात्र पैसे देत नाहीत, असे त्यांच्या पत्नीने मला हसत सांगितले.