प्रेशर नॉर्मल आलं म्हणजे लीक बंद झालं असं नाही

ताई, तुमचा प्रश्न वाचला. दोन वर्षांपूर्वी उभं राहिलं की डोकं फुटायचं आणि आडवं झालं की थांबायचं, आता तितकं स्पष्ट होत नाही, परवा पाठीतून पाणी काढलं तर प्रेशर १४ आलं आणि डॉक्टर म्हणाले लीक (म्हणजे मेंदू-मणक्याभोवतीचं पाणी आवरणातून गळणं) नाही, मायग्रेन असेल. मी या दुखण्यात सहा वर्षं काढलीत आणि माझंही अगदी असंच झालेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

या पाण्याचं नॉर्मल प्रेशर साधारण ६ ते २० सेंटिमीटर धरतात. पण लीक असलेल्या बऱ्याच पेशंटचं प्रेशर त्या ६ च्या वरच निघतं, आजाराच्या नावात 'लो प्रेशर' असलं तरी. खरं कमी पडतं ते पाणी. मेंदू आणि मणक्याभोवती एका वेळी जेमतेम १५० मिली पाणी असतं, शरीर दिवसाला अर्धा लिटर नवीन बनवतं, आणि कवटी काही आकसत नाही, त्यामुळे पाणी घटलं की ती जागा शिरांमधलं रक्त भरून काढतं, मेंदूवरचं आवरण जाड दिसायला लागतं, कॉन्ट्रास्ट एमआरआयमध्ये (शिरेतून औषध देऊन करतात तो) चमकतं ते हेच. आणि हे सगळं वेळेनुसार बदलतं. २०२० साली स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या डॉक्टरांनी दाखवलं की त्रास नवीन असताना प्रेशर कमी असतं, पुढे लीक चालू असूनही ते हळूहळू नॉर्मलकडे येतं. आवरणाची चमकसुद्धा काळाबरोबर फिकी पडते. म्हणून दोन वर्षांनी आलेल्या १४ या आकड्यावरून लीक नाही असं म्हणताच येत नाही.

माझ्या पहिल्या एमआरआयमध्ये मेंदू खाली सरकलेला स्पष्ट दिसत होता, दीड वर्षाने केला तो नॉर्मल. घरचे खूश झाले, पण मी रोज दुपारी तीनला संपलेली असायचे, मानेपासून वर जडपणा, कानात दडे, आणि आधी आडवं झालं की दहा मिनिटांत बरं वाटायचं तिथे आता दोन तास लागायचे. दोन ब्लड पॅच (आपलंच रक्त पाठीत सोडून लीक बुजवतात ते) झाले, दोन्ही वेळा तीनेक आठवडे बरे गेले आणि परत तेच. शेवटी कुशीवर झोपवून सीटी मायलोग्राम (मणक्यातल्या पाण्यात औषध सोडून काढतात तो सीटी स्कॅन) केला तेव्हा पाणी थेट शिरेत जाताना सापडलं. हा प्रकार २०१४ मध्ये पहिल्यांदा नोंदला गेला, यात पाणी आवरणाबाहेर साठत नाही त्यामुळे मणक्याचा एमआरआय अगदी स्वच्छ येतो. तुमच्या डॉक्टरांना हे नक्की विचारा: पूर्ण मणक्याचा एमआरआय झालाय का, आणि मायलोग्राम दोन्ही कुशींवर करता येईल का.

अजून एक, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. लीक बंद केल्यावर तिसऱ्या रात्री डोकं उलटं दुखायला लागलं, म्हणजे कपाळात आणि डोळ्यांमागे, झोपलं की जास्त, उठून बसलं की कमी, आणि मळमळ. मी रडले, वाटलं परत लीक झालं. ते उलट होतं, प्रेशर वाढलेलं. शरीर कमी पाण्याची सवय करून बसलेलं असतं असं डॉक्टर म्हणाले, त्यांनी डोळे तपासले, डायमॉक्स ही प्रेशर कमी करणारी गोळी दिली, पाच आठवड्यांत उतरलं. त्यामुळे पॅचनंतर दुखलं तर झोपल्यावर वाढतं का बसल्यावर ते लिहून ठेवा आणि लगेच कळवा, कारण दोन्हीचे उपाय वेगळे.

कधी खूप गुंगी यायला लागली, असंबद्ध बोलणं झालं किंवा एका बाजूचा हातपाय लुळा वाटला तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, सरळ इमर्जन्सीत जा, मेंदूभोवती रक्त साठलेलं असू शकतं.

आणि दोन वर्षांपूर्वीच्या पहिल्या एमआरआयची सीडी शोधा. नुसता रिपोर्ट नको, सीडीच. तो कॉन्ट्रास्ट देऊन केला होता का तेवढं इथे सांगा, मग पुढचं बोलू.