डब्ल्यूटीओ (जागतिक व्यापार संघटना) लॉ सुरू करतोयस ना? मग आधी हे वाच

अरे छान विषय घेतलायस, घाबरू नको. सगळे सुरुवातीला एकच चूक करतात, जाडजूड टेक्स्टबुक घेऊन बसतात आणि मूळ करार उघडूनच बघत नाहीत. तू १९४७ चा गॅट (आयात-निर्यात आणि जकातीवरचा आंतरराष्ट्रीय करार) आधी वाच, तोही सगळा नको, चारच कलमं:

- १ आणि ३: देशादेशांत भेदभाव नको, आणि आयात मालाला देशी मालासारखीच वागणूक
- ११: आयात-निर्यातीवर बंदी किंवा कोटा नको
- २०: अपवाद

आता ११ वं कांद्यावर लावून बघ. डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, मे २०२४ मध्ये ती उठवून ४०% ड्युटी लावली. लासलगावच्या शेतकऱ्याला दोन्हीचा फटकाच, पण कायद्यात फरक मोठा, कारण ११ मध्ये ड्युटी बसतच नाही, आणि बंदीलासुद्धा खाद्यपदार्थांची गंभीर टंचाई असेल तर तात्पुरती सूट आहे, ती ११(२)(अ) मध्ये, २० मध्ये शोधत बसू नको (इथे भलेभले चुकतात).

केस एकच घे, जपानची १९९६ ची दारूवरच्या कराची, शोचू (जपानी दारू) आणि व्होडकावाली. पूर्ण वाच, समरी नको. अँटी-डंपिंग, सबसिडी वगैरे सध्या राहू दे. अडलास की विचार बिनधास्त.